मृणालची अमेरिकन लागर

मृणाल, तुझी बिअर तयार झाली. नऊ दिवसांपूर्वी, शनिवारी, क्लबात आम्ही ती उघडली. कशी झाली ते लगेच सांगणार नाही. निकाल कळला की तुला बाकीच्या गोष्टींत रस उरत नाही, ही तुझी सवय मला चांगली माहीत आहे. तेव्हा आज गप्प बसून ऐक. मध्ये बोलायचं नाही.

तुझ्या शोकसभेत मी सात मिनिटं बोलले. त्यात ‘बिअर’ हा शब्द एकदाही आला नाही. आपल्या सहा वर्षांच्या ओळखीत जवळजवळ प्रत्येक दुसरा रविवार ज्या कामात गेला, ते कामच मी गाळलं. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ऐंशी माणसं बसली होती आणि मी त्यांना भलत्याच कुणा बाईबद्दल सांगून आले. एक हुशार, मनमिळाऊ, सणावाराला पुरणपोळ्या लाटणारी बाई. तू पुरणपोळी एकदाच लाटलीस आणि ती फाटली. ती सात मिनिटं मला मागे घ्यायची आहेत, म्हणून हे लिहितेय.

आपण भेटलो ते कार्डिफच्या रोथ भागातल्या त्या पबच्या माडीवर. घरी बिअर बनवणाऱ्यांचा क्लब, महिन्यातून एकदा. खोलीत चौदा पुरुष, त्यांतले बहुतेक दाढीवाले, आणि खिडकीपाशी एक बाई ग्लास उजेडात धरून त्यातला गाळ बघत उभी. माझ्या हातातली पिशवी सटकली, बाटल्या टेबलावर आदळल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं बाई!”

तू मान न वळवता विचारलंस, “पुण्याची का?”

“हो. कशावरून?”

“नागपूरची असतीस तर शिवी निघाली असती.”

तू हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये. आठवडाभर माणसांना आजारी पाडणारे जंतू काचेच्या बशीत वाढवायचे आणि रविवारी गॅरेजमध्ये यीस्ट. “माझे रविवारचे जंतू गुणी आहेत,” असं तू क्लबातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायचीस. मी इन्शुरन्स कंपनीत डेटा सांभाळणारी. नवऱ्याच्या, अमितच्या, नोकरीमागे कार्डिफला आले, पहिल्या हिवाळ्यात कुणाला ओळखत नव्हते. ऑफिसातली एक सहकारी नोकरी सोडून चालली होती, तिच्या निरोपाला सगळे पबमध्ये गेले, आणि तिथे मी पहिल्यांदा बिटर ही इथली जुनी बिअर प्यायले. तळघरातल्या पिंपातून हातपंपानं ओढलेली, तांबूस, जेमतेम थंड, फेस अगदी बेताचा. आपल्याकडून आलेले लोक पहिल्या घोटाला म्हणतात, ही कोमट आहे, उतरलेली आहे, परत द्या. मला मात्र त्यात भाजलेल्या पावाची कड लागली, मारी बिस्कीट लागलं, मागाहून ओल्या पाल्याचा कडूपणा. त्या दिवशी मला या देशात बसायला एक खुर्ची मिळाल्यासारखं वाटलं. तिथून मी स्वतः बनवायला शिकले आणि शिकता शिकता जरा शिष्ट झाले. हे तुझं म्हणणं. मी ते तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करते.

तुझी गोष्ट वेगळी. तू कार्डिफला आलीस ती अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये सात वर्षं काढून. तिथल्या शेजारच्या रे नावाच्या म्हाताऱ्याबद्दल तू किती वेळा सांगितलं असशील! पहिल्या मोठ्या बर्फात तू फावडं उलटं धरून दारातला बर्फ उपसत होतीस. तो आला, न बोलता फावडं सुलटं करून दिलं, अर्धी वाट त्यानं साफ केली, अर्धी तू. मग त्यानं बर्फातच खुपसून ठेवलेले दोन कॅन काढले, एक तुला दिला. साधी अमेरिकन लागर. फिकट पिवळी, गोठायच्या बेतात आलेली. “त्या बिअरला काहीच चव नव्हती, केतकी,” तू म्हणायचीस, “आणि मला त्या क्षणी अगदी तेवढीच चव पाहिजे होती.”

माझं मत ठाम होतं: अमेरिकन बिअर म्हणजे पाणी. ते मत काढायला तू मला एका रविवारी स्वयंपाकघरात बसवलंस आणि समोर चार ग्लास मांडलेस. पहिल्यात तुझी ती लागर. दुसऱ्यात पेल एल, त्यात अमेरिकन हॉप्स, बिअरला कडूपणा नि वास देणारी फुलं. नाकाजवळ नेताच कुणीतरी पपनस सोलल्यासारखा वास. तिसऱ्यात पश्चिम किनाऱ्याकडची आयपीए, पाइनच्या डिंकासारखी, इतकी कडू की माझे कान गरम झाले. चौथी ढगाळ, पिवळीधमक, गोडसर. मी म्हणाले, “हा तर आमरस आहे. सोडा घातलेला.”

तू खूश झालीस. मग तू मला सगळा इतिहास ऐकवलास, ओट्यावर बसून, पाय हलवत. जर्मनीहून गेलेल्या लोकांना तिकडचं बार्ली जड पडलं, बिअर गढूळ व्हायची, म्हणून त्यांनी त्यात मका आणि तांदूळ घालून ती हलकी केली. मग कित्येक वर्षं सगळा देश ती एकच हलकी बिअर पीत राहिला. मग काही लोकांना तिचा कंटाळा आला आणि त्यांनी आपापल्या गॅरेजमध्ये बंड केलं. आधी वासाच्या मागे लागले, मग कडूपणाची शर्यत, मग कडूपणाचाही कंटाळा येऊन हा आमरस. “आणि आता तेच दाढीवाले,” तू म्हणालीस, “परत साधी लागर बनवून राहिलेत. सगळं फिरून झाल्यावर.”

“यांना कुठे थांबायचं ते कळत नाही.”

“आणि तुम्हा इंग्रजांना कुठून सुरू करायचं ते.”

“मी इंग्रज?”

“बिटर पिताना असतेस.”

असे आपण सहा वर्षं भांडलो. भांडता भांडता केवढ्या बिअर बनवल्या. माझी भाजक्या माल्टची काळी पोर्टर, तुझी पेल एल, ती एक कोकम घातलेली, जी आपण झाडांना घातली आणि झाडंही रुसली. क्लबातले लोक आपल्याला एकच नाव असल्यासारखं हाक मारायचे. गॅरेथ, आपला अध्यक्ष, गाडी दुरुस्त करायचं काम सोडल्यापासून माइल्ड ही काळी, सौम्य बिअर सोडून दुसरं काही न पिणारा, एकदा म्हणाला की तुमच्या भांडणातलं त्याला एक अक्षर कळत नाही तरी ऐकायला फार बरं वाटतं.

एकच भांडण वाईट झालं. तेच शेवटचं.

तू ठरवलंस की आता ती लागर बनवायची, रेनं दिली होती तसली. माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, मक्याच्या चपट्या लाह्यांची पिशवी आली, आणि मी ती उचलून म्हणाले, “मका? कोंबड्या पाळणार आहेस का?” तू हसलीस. मी तिथेच थांबायला हवं होतं. तू मला समजावत होतीस की कार्डिफचं पाणी मऊ आहे, डोंगरातून येतं, अशा फिकट बिअरला याहून चांगलं पाणी शोधून सापडणार नाही. की या बिअरमध्ये जराशी चूक झाली तरी ती लपत नाही, कारण लपायला भाजलेलं माल्ट नाही, हॉप्सचा दंगा नाही. की माझ्या पोर्टरमधल्या चार चुका कुणाला कळणारसुद्धा नाहीत. ते मला लागलं. आणि मी म्हणाले, “तू तिथे सात वर्षं एकटी राहिलीस ना, म्हणून तुला त्या पाण्याचं कौतुक. ती चव नाही, मृणाल. एकटेपणाची सवय आहे ती.”

लाह्यांची पिशवी माझ्या हातातून घेतलीस, तिचं तोंड नीट दुमडलंस आणि म्हणालीस, “रविवारी नऊला सुरू करते. यायचं तर ये.”

मी आले नाही. घरी धुणं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या रविवारनंतरच्या दुसऱ्या बुधवारी तुझा मेसेज आला. ‘शुक्रवारी तापमान वाढवायचंय. नाक पाहिजे तुझं. येशील?’ मी अंगठा पाठवला. वर केलेला एक पिवळा अंगठा. गुरुवारी सकाळी लॅबमध्ये कोट अडकवताना तू खाली पडलीस. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तुझ्याभोवती डॉक्टर होते, सगळी यंत्रं होती, आणि दुपारी दोनपर्यंत सगळं संपलं होतं.

शुक्रवारी मी तुझ्या घरी आले ती तुझ्या पासपोर्टसाठी. तुझ्या आईच्या व्हिसाला त्याच्या कॉप्या लागणार होत्या आणि दुसरी चावी माझ्याकडेच. कपाट उघडलं, कागद काढले, स्वयंपाकघरात पाणी प्यायला थांबले. मागच्या दारापलीकडे गॅरेजमध्ये काहीतरी बुडबुडत होतं. एक बुडबुडा. मग बरंच थांबून दुसरा.

फ्रीजमधला तुझा फर्मेंटर, बिअर आंबायला ठेवलेलं ते पिंप, काम करत होता. तू गेलीस हे यीस्टला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथे जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा रडले. आदल्या दिवशी हॉस्पिटलात, फोनवर, अमितजवळ, कुठेच रडले नव्हते. नंतर उठून नाक पुसलं आणि फ्रीजच्या दारावर चिकटवलेला तुझा कागद वाचला. ‘दिवस अकरावा की बारावा, वास बघून: दहावरून सतरा डिग्री. लोण्याचा वास जाईपर्यंत हलवायचं नाही. घाई करू नये (केतकी!!)’

दोन उद्गारचिन्हं. मी तापमान सतरावर नेलं.

त्या क्षणी मी काही मोठं ठरवलं वगैरे नव्हतं. एवढंच कळत होतं की हे काम आज करायचं होतं आणि ते करायला आता मीच होते. पण गाडीत बसल्यावर ठरवलं. ही बिअर पुरी होणार. मला ती आवडो न आवडो.

लोण्याचा वास उरलाय का, ते सोमवारी तुझ्या पद्धतीनं तपासलं. दोन ग्लासांत थोडी थोडी काढायची, एक गरम पाण्यात ठेवायचा, मग निववायचा, आणि दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेल्या ग्लासातून लोणी कढवल्यासारखा वास आला, अगदी स्पष्ट. पूर्वीची मी म्हणाले असते, चालतंय की. गुरुवारी परत तपासलं. नव्हता. शुक्रवारी दोनदा तपासलं. नव्हताच. मग तुझ्या कागदाप्रमाणे रोज एक डिग्री खाली.

शनिवारी तुझी आई आली.

मी तिला हीथ्रोवरून आणलं. तीन तासांच्या रस्त्यात ती दोनदा बोलली. एकदा विचारलं, “तिला दुखलं का?” मी म्हणाले, “नाही काकू, लगेच शुद्ध गेली.” दुसऱ्यांदा, सेव्हर्नच्या पुलावर, “ही नदी आहे की समुद्र?” तुझ्या घरातच राहायचं म्हणाली. मी रोज ऑफिसनंतर यायचे, भात टाकायचे, आणि ‘मशीन लावून येते’ म्हणून गॅरेजमध्ये जाऊन एक डिग्री खाली करायचे.

मृत्यूचं कारण तपासणाऱ्या कॉरोनरचे सोपस्कार, क्रिमेटोरियमची तारीख, सगळ्याला दिवस लागले. मंडळातल्या लिमये काकांनी तिथला हॉल मिळवून दिला. तू त्यांना ‘संमेलनाध्यक्ष’ म्हणायचीस, तुला ते कधी आवडले नाहीत, पण त्या दिवसांत त्यांनी पुष्कळ केलं हे तुला ऐकावं लागेल. मी भाषण लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “केतकी, चांगलं लिहिलंयस. पण हे बिअरचं राहू दे. तिची आई समोर बसलेली असेल गं.” ते चुकीचं काही बोलत नव्हते. तूच तर आईपासून हे लपवलं होतंस. दर वेळी व्हिडिओ कॉल आला की आपण फर्मेंटरवर चादर टाकायचो. मी लाल पेन घेतलं आणि तुझ्यावर रेघ मारली.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी तुझ्या घरी आले तेव्हा मागचं दार उघडं होतं. तुझी आई गॅरेजमध्ये तुझ्या स्टुलावर बसली होती. फ्रीजचं दार उघडं, मांडीवर तुझी वही.

“काय करून राहिली आहेस तू इथं रोज?” तिनं विचारलं.

तेहतीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेल्या बाईपुढे खोटं काय बोलणार? मी सांगितलं. बिअर आहे. मृणालची आहे. सहा वर्षं बनवत होती, आम्ही दोघी बनवायचो.

“दारू.”

“हो, काकू.”

“मला का नाही सांगितलं?”

“तिला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही.”

“नसतंच आवडलं!” तिचा आवाज इतका चढला की मी फ्रीजचं दार लावून घेतलं. “भांडले असते मी. चार दिवस बोलले नसते. पण मग तिनं मला काहीतरी सांगितलं असतं, मी काहीतरी ऐकवलं असतं. रोज फोनवर काय, तर जेवलीस का, थंडी आहे का. सहा वर्षं मी माझ्या पोरीशी हवापाण्यावर बोलत होते.”

मग मी तिला ते सांगितलं, जे अमितलासुद्धा सांगितलं नव्हतं. लाह्यांची पिशवी, मी काय बोलले, रविवारी कशी आले नाही, आणि तो अंगठा. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल की जाऊ दे, मैत्रिणींत होतं असं. ती म्हणाली, “वाईट बोललीस.” मला त्यानं जेवढं बरं वाटलं तेवढं त्या दिवसांत कशानंच वाटलं नाही.

दोन दिवस ती माझ्याशी फारसं बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले तर तापमान आधीच खाली आलेलं होतं, नऊवर. वहीत तुझ्या तिरप्या अक्षराखाली नवीन, सरळ, शाळेच्या फळ्यावरचं असतं तसं अक्षर: ‘नऊ अंश. दु. ४.१०. बुडबुडे नाहीत.’

“काकू, तुम्ही?”

“काम अर्धं टाकायचं नसतं,” ती म्हणाली. “मला आवडलं, असं समजू नकोस. किती दिवस राहिले?”

“एक डिग्रीवर आणून पुढे पाच आठवडे तशीच ठेवायची.”

“माझा व्हिसा सहा महिन्यांचा आहे.”

आणि ती राहिली, मृणाल. परतीचं तिकीट पुढे ढकललं. तुझ्या वहीची पहिल्या पानापासून पारायणं केली. मला प्रश्न विचारायची आणि मला उत्तर आलं नाही की विजयी चेहऱ्यानं स्वतः शोधून काढायची. हॉप्स आधी घातले तर कडू आणि शेवटी घातले तर वास, हे का, ते तिनं मला अशा रीतीनं समजावलं की मला सहा वर्षांत पहिल्यांदा नीट कळलं. वहीतली तुझी एक चूकसुद्धा पकडली. कुठल्याशा गुणाकारात दशांश चिन्ह सरकलं होतं. त्या पानावर ती बराच वेळ बोट ठेवून बसली. मग पेन्सिलीनं दुरुस्त केलं आणि बाजूला सही केली. बिअर केगमध्ये, त्या हवाबंद पिंपात, भरायच्या दिवशी तर मला हात लावू देईना. आत हवा जाता कामा नये, हवा लागली की ओल्या पुठ्ठ्याची चव येते, हे तिला माझ्याआधी ठाऊक. “ऑक्सिडेशन,” ती म्हणाली, “मी हेच शिकवलं जन्मभर. हे असं वास घेऊन कुणी शिकवलं असतं तर पोरं पुढच्या बाकावर बसली असती.”

आता शनिवार.

पबची तीच माडी. मी केग वर नेली, गॅरेथनं मदत केली. तुझी आई मागून जिना चढली, निळी साडी, त्यावर तुझं हिवाळी जॅकेट. खोलीतले सगळे उठून उभे राहिले. गॅरेथनं तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. मी कागद आणला नव्हता.

मी त्यांना सांगितलं की ही बिअर मृणालची आहे. मी ती फक्त थंड ठेवली. सांगितलं की तिनं बनवायला घेतली तेव्हा मी तिला टोचून बोलले आणि आले नाही. मग तू कोण होतीस ते सांगितलं. की तू उजेडात धरल्याशिवाय ग्लास तोंडाला लावत नसायचीस. की दुसऱ्याची बिअर बिघडली तर तू खोटं गोड बोलायची नाहीस, पण पुढच्या रविवारी त्याच्या घरी जाऊन नळ्या धुऊन द्यायचीस. की तू हॉस्पिटलात जितकी शहाणी होतीस तितकीच गॅरेजमध्ये होतीस आणि तिथे जास्त हसायचीस. की आईचा कॉल आला की आपण फर्मेंटरवर चादर टाकायचो. इथे सगळे तुझ्या आईकडे बघायला लागले, आणि ती मोठ्यानं, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, “आय हॅव रिमूव्ह्ड द बेडशीट.” काय हशा झाला! मीही हसले.

मग ओतली. गवताच्या वाळल्या काडीचा रंग, आरपार. ग्लासापलीकडचा रस्ता दिसत होता. वर पांढरा बारीक फेस. वास घ्यायला गेलं तर आधी काहीच नाही, मग ताज्या पावाचा, मग अगदी पुसट, कणीस उकडताना झाकण काढलं की येतो तसा गोडसर. घोट घेतला. थंड, सरळ, शेवटी किंचित कडू, आणि लगेच तोंड स्वच्छ. शोधत राहिले. लोणी नाही, पुठ्ठा नाही, कुठे काही खुपलं नाही. ग्लास कधी संपला ते कळलं नाही.

गॅरेथनं अर्धा ग्लास प्यायला, थांबला, उरलेला प्यायला. म्हणाला, “यात मला नाव ठेवायला काही सापडत नाही, आणि मला नेहमी सापडतं.” मग दुसरा ग्लास पुढे केला. माइल्डशिवाय काही न पिणारा माणूस, मृणाल. हा तुझा निकाल.

तुझ्या आईनं ग्लास उजेडात धरला. वास घेतला. जिभेचं टोक लावलं आणि तोंड वाकडं केलं. “कडू आहे,” मला म्हणाली. “पण स्वच्छ आहे.”

आता माझं मत. तुझी लागर चांगली आहे. फार चांगली आहे. हे पाणी नाही, आणि ती एकटेपणाची सवयही नव्हती. तुला नीट कळत होतं तुला काय आवडतं आणि का. मी म्हणाले ते मागे घेते. उशीर झाला, तरी घेते. पण तू म्हणशील की केतकी आता अमेरिकन झाली, तर तसं नाही. अजूनही मला पिंपातली बिटरच जास्त आवडते. तू असतीस तर आपण जिन्यावरच पुन्हा भांडायला लागलो असतो, आणि मी हरले असते असं मुळीच समजू नकोस.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. ‘मृणाल उत्तम बिअर बनवायची. शोकसभेत मी हे सांगितलं नाही, ती माझी चूक. तिचं गॅरेज चालू ठेवणार आहे. घर सुटलं तर सामान माझ्याकडे हलवीन. ज्यांना शिकायचंय त्यांनी पुढच्या रविवारी नऊला यावं.’ पाठवायच्या आधी तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिनं ‘उत्तम’च्या आधी ‘शास्त्रशुद्ध’ घालायला लावलं. अर्ध्या तासात लिमये काकांचा फोन. हे ग्रुपवर शोभतं का, लहान मुलं असतात, वगैरे. मी म्हणाले, “काका, तुम्ही त्या दिवसांत माझ्यासाठी आणि मृणालच्या आईसाठी खूप केलंत, ते मी विसरणार नाही. पण ही पोस्ट मी काढणार नाही.” मागून लिमये काकूंचा आवाज आला, “कुणाशी बोलताय?” आणि फोन बंद झाला.

कुणी येईल असं वाटलं नव्हतं. काल तो रविवार होता. पावणेनऊला बेल वाजली. दारात लिमये काकू, एकट्या, हातात घडी केलेला एप्रन.

“यांना सांगितलंय, मी कुठे चाललेय ते,” त्या आत येत म्हणाल्या. “गणपतीला दोनशे पानांचा स्वयंपाक करते मी, पंचवीस लिटरचं काय एवढं? काय बनवायचंय आज?”

तुझी आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “बिटर.”

चिडलीस ना? चीड. लागर थंडी पडल्यावर, आणि तेव्हा मी पहिल्या दिवसापासून हजर असेन. पण काल बिटर.

लिमये काकूंनी एप्रन बांधला, बाह्या दुमडल्या, मोठ्या पातेल्यात डोकावून पाहिलं.

“पाणी किती गरम पाहिजे?”

“एकाहत्तर डिग्री,” मी म्हणाले, आणि गॅस पेटवला.